सरहद्द ओलांडणारा लोहमार्ग
(महाजनांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



मुरगावहून कॅसलरॉककडे जाणारा लोहमार्ग गोमंतकीयांच्या चांगल्या परिचयाचा आहे. डिसेंबर १८७८ मध्ये लिस्बन येथे इंग्रज व पोर्तुगीज सरकारांत झालेल्या तहाचे ते फळ होय. त्या तहाने गोव्याला आगगाडी मिळाली. पण मीठ आणि जकात यांवरील अधिकार मोठ्या प्रमाणात इंग्रजांच्या हाती गेले. १८९२ मध्ये तह संपुष्टात आला. लोहमार्ग तेवढा मागे राहिला. अशाच प्रकारचा व्यवहार त्याआधी दख्खनच्या पठारावरही घडला होता.

आळंद तालुक्यातील निंबर्गा हे गाव पूर्वी निजामाच्या मुलखात मोडत असे. एका अंगाला इंग्रजांचे सोलापूर, मध्ये अक्कलकोट संस्थान आणि पुढे निजामाचा गुलबर्गा, अशी त्या प्रदेशाची रचना होती. मुंबईहून मद्रासकडे निघालेल्या जी. आय. पी. रेल्वेला ही सर्व हद्द ओलांडणे भाग होते. १८६० मध्ये सोलापूरला पोहोचलेली ही रेल्वे १८७१ मध्ये रायचूरला मद्रास रेल्वेस जाऊन मिळाली. अक्कलकोट व गाणगापूर येथे दर्शनास जाणारे भाविक ज्या स्थानकांवर उतरतात, ती याच मार्गावरील होत.

यापुढचा प्रश्न खुद्द हैदराबादचा होता. सिकंदराबादच्या छावणीपर्यंत गाडी जावी, ही इंग्रजांची निकड. निजाम महबूब अली खान त्या वेळी बालवयात असल्याने वाटाघाटींचा भार दिवाण सालारजंग यांच्यावर पडला. १८७० मध्ये करार झाला आणि १८७४ मध्ये वाडी ते सिकंदराबाद हा मार्ग सुरू झाला. पैसा निजामाच्या राज्याचा, बांधणी मात्र इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली! लोहमार्गाच्या जमिनीच्या पट्ट्यावर दिवाणी व फौजदारी अधिकारही इंग्रजांचाच चाले. रूळ राज्याच्या भूमीवर आणि कायदा परक्याचा, असा हा विलक्षण प्रकार होता.

फेब्रुवारी १८८३ मध्ये सालारजंग निवर्तले. त्याच वर्षी मार्ग वाढविण्यासाठी लंडनमध्ये नवी कंपनी उभारण्याचा घाट घातला गेला. भागधारकांना वीस वर्षे दरसाल ५ टक्के व्याजाची हमी राज्याच्या तिजोरीतून द्यावयाची होती. नफा झाला तर कंपनीचा लाभ, तूट आली तर रयतेच्या माथी भार! चांदा रेल्वे योजना या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बेताची माहिती प्रजेपुढे ठेवावी, असा आग्रह धरणाऱ्यांत डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय हे अग्रणी होते. सरोजिनी नायडू यांचे हे पिताश्री. हिशेब विचारल्याबद्दल त्यांना हैदराबादेतून हद्दपार व्हावे लागले. करार व्हावयाचा तो झालाच. पुढे १ एप्रिल १९३० रोजी राज्याने ती रेल्वे विकत घेतली, तेव्हा कुठे मालकी स्वतःकडे आली.

लोहमार्गाने दुष्काळात धान्य नेले, कापसाला बाजारपेठ दिली, यात्रेकरूंचे श्रम हलके केले. हे उपकार नाकारण्याचे कारण नाही. आक्षेप होता तो कागदावरील कलमांना. देवस्थानाची जमीन, ठेवी व खंडाचे करार महाजनांच्या स्वाक्षरीने होतात. हमी कोणाची, अधिकार कोणाचा आणि तूट कोणी सोसावयाची, हे तीन प्रश्न स्वाक्षरीपूर्वी विचारले जावेत. आणि ते विचारणाऱ्या महाजनाला सभेत मानाने बसवावे. त्याला दूर सारू नये. हैदराबादच्या त्या प्रकरणातून घ्यावयाचा बोध हाच होय.