गांवाची वीज, गांवाची मालकी
(अणदूर येथें दिलेलें व्याख्यान)



आपल्या खंडोबाची रीत तुम्हांस मीं सांगावयास नको. देव एकच, पण वर्षांतले बहुतेक महिने तो अणदुरास राहतो आणि दीड-दोन महिने नळदुर्गास जातो. या नेण्याआणण्याचा करार दोन्ही गांवांत लेखी होतो. म्हणजे देवाच्या बाबतींतही तोंडी शब्दावर कोणी भागविलें नाहीं. आज मी जो विषय मांडणार आहें त्यासही असाच कागद लागतो.

विषय विजेचा. पिठाची गिरणी, सुताराचें यंत्र, वेल्डिंगचें दुकान, विहिरीवरचा पंप, सारे एका तारेवर लोंबकळत आहेत. तार तुटली कीं कारागिराचा दिवस बुडाला. ही तार गांवकऱ्यांच्या मालकीची होऊं शकते काय? होऊं शकते, पूर्वीं झालेली आहे, आणि आपल्याच महाराष्ट्रांत ती बुडालेलीही आहे.

१९६९ सालीं केंद्र सरकारनें ग्रामीण विद्युतीकरण निगम काढला. त्याच्या मदतीनें देशांत प्रयोगादाखल पांच वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या. तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतली मुळा-प्रवरा ही एक. तिची कचेरी श्रीरामपुरास. बेळगांवकडील हुक्केरीची दुसरी, तेलंगणांतील सिरसिल्ल्याची तिसरी. अमेरिकेंत १९३५ नंतर शेतकऱ्यांनीं अशाच मंडळ्या काढल्या होत्या, कारण खाजगी कंपन्या दूरच्या वस्त्यांवर खांब न्यावयास तयार नव्हत्या. त्या आजही शेंकड्यांनीं चालूं आहेत.

व्यवहार सोपा होता. मंडळाकडून वीज घाऊक घ्यावयाची व आपल्या खांबांवरून घरोघर किरकोळ विकावयाची. वाणी गुळाची ढेप आणून शेरानें विकतो, तसेंच हें. फरक इतकाच कीं येथें गिऱ्हाईकच दुकानाचा भागीदार.

मुळा-प्रवरेचा टापू उसाचा. शंभरावर गांवें, आणि पंपांचा उपसा भारी. पंपाची वीज स्वस्त द्यावयाची, पण घाऊक बिल तर भरलेंच पाहिजे. ही तूट सांचत गेली. घाऊक दर किती असावा यावर वर्षानुवर्षें तंटा चालला, आणि थकबाकी दोन हजार कोटींच्या वर गेली. ३१ जानेवारी २०११ रोजीं परवाना संपला व तारा राज्याच्या वितरण कंपनीकडे गेल्या. चाळीस वर्षांचा संसार एका रात्रींत दुसऱ्याचा झाला.

यावर शहाणे म्हणतात, पहा, कुणब्याला धंदा जमत नाहीं. हें मला साफ अमान्य आहे. त्याच सुमारास निघालेल्या हुक्केरी व सिरसिल्ला या संस्था अद्याप चालूं आहेत. सिरसिल्ला तर मागांचें गांव. सोलापुरांतले पद्मशाली विणकर ज्या तेलंगणांतून आले, त्याच मुलखांतलें. तेथें हजारों यंत्रमाग याच संस्थेच्या विजेवर फिरतात. सवलतीच्या दरावरून तंटे तेथेंही होतातच, पण तंटा घरचा आहे. संचालक सभासदच निवडून देतात.

तेव्हां दोष कुणब्याच्या अकलेचा नव्हे. स्वस्ताई कोणास द्यावयाची आणि तिची भरपाई कोणी करावयाची, हें ज्या संस्थेंत रोखठोक ठरत नाहीं तिचें असेंच होतें. आणखी एक गोष्ट बोलून टाकतों. स्वस्त पंपाचा लाभ विहीर असलेल्यास मिळतो. लोहाराला, शिंप्याला, भूमिहीनाला विहीर कोठें आहे?

अणदुरानें एकदम तारा घेण्याच्या भरीस पडूं नये. त्यास आयोगाचा परवाना लागतो, भांडवलही दांडगें लागतें. गुजराथेंत खेडा जिल्ह्यांतील धुंडी गांवीं २०१६ सालीं सहा शेतकऱ्यांनीं सौरपंपांची सहकारी मंडळी काढली. उरलेली वीज ते वीज कंपनीसच विकूं लागले. सहा माणसें! एवढें आपल्या एका गल्लींतून निघतील.

माझें म्हणणें असें कीं आपण डाळीची गिरणी काढावी व तिच्या छपरावर सौरपट्ट्या बसवाव्या. तूर आपल्या शेतांत पिकते, ती लातूर-सोलापुरास जाते आणि डाळ होऊन चढ्या भावानें आपल्याच चुलीवर येते. मधला पैसा गांवांत राहिला तर दोन-चार पोरांस पुण्याची वाट धरावी लागणार नाहीं.

कागदांत चार गोष्टी असाव्या. सातबारा नसलेल्यासही भाग घेतां यावा. भाग कितीही असोत, मत एकच. बायकांचीं नांवें सभासदांत स्वतंत्र असावीं. नवऱ्याच्या नांवामागें नव्हे. आणि बिल थकलें कीं तार तोडावी, मग तो सरपंच असो कीं मास्तर. हिशेब दरमहा शाळेच्या पडवींत मोठ्यानें वाचला जावा; तें काम मी फुकट करीन.

मसुदा लिहून आणला आहे. सही करण्यापूर्वीं तो दोनदां वाचा. ज्यास वाचतां येत नाहीं त्यानें आपल्या मुलीकडून वाचवून घ्यावा, आणि जें कलम पटणार नाहीं त्यावर पुढील सभेंत उघड बोलावें.