संगणकाच्या पोटांतील संगणक

चंदगडच्या एस. टी. आगारांतून पहाटे कोणती गाडी कोणत्या गांवीं निघावी, ती परतल्यावर पुढें कोठें धाडावी, आणि हें सारें थोडक्या गाड्यांत कसें बसवावें, हा हिशेब किती किचकट असतो हें तो करणारासच ठाऊक. संगणकांची परीक्षा घेण्यासाठीं जगभर जे कार्यक्रम वापरले गेले, त्यांत नेमका हाच हिशेब करणारा एक आहे, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. त्याचें नांव ‘एम. सी. एफ.’ एकाच आगाराच्या गाड्यांचें वेळापत्रक जुळविणाऱ्या कार्यक्रमावरून तो तयार झाला आणि स्पेक या संस्थेच्या २००६ सालच्या परीक्षासंचांत त्याला स्थान मिळालें. तो संच २०१८ मध्यें निवृत्त झाला; पुढच्या संचांतही एम. सी. एफ. कायम आहेच. त्याची भूक मात्र दांडगी. जुन्या संचांतील चौसष्ट-बिटी रूपांत त्याला सुमारें १७०० मेगाबाइट स्मृति लागते.

नवा प्रोसेसर प्रत्यक्ष घडविणें फार खर्चाचें असतें. म्हणून त्याची हुबेहूब नक्कल आधीं दुसऱ्या संगणकावर चालवून पाहतात. अशा नकलकारांपैकीं ‘जेम-फाइव्ह’ हा विशेष परिचित आहे. मिशिगन विद्यापीठाचा एम-फाइव्ह आणि विस्कॉन्सिनचा जेम्स यांच्या मिलाफांतून तो निर्माण झाला व २०११ मध्यें त्यावरील निबंध प्रसिद्ध झाला. तो विनामूल्य मिळतो. त्यामुळें प्रयोगशाळेची पायरी न चढतांही घरच्या संगणकावर त्याचा अभ्यास करतां येतो.

समजा, चंदगडचा एखादा अभियांत्रिकीचा विद्यार्थी गणपतीच्या सुटींत घरीं आला आहे. प्रोसेसराजवळची कॅश वाढविली तर एम. सी. एफ. किती वेगानें चालेल, हें त्याला सुटी संपण्यापूर्वीं सिद्ध करावयाचें आहे. एम. सी. एफ. मध्यावर आलेला असतां टिपून ठेवलेला एक चेकपॉइंट त्यानें महाविद्यालयांतून आणला आहे. कॅशचे चार आकार, म्हणून चार नकला. त्या त्यानें रात्रीं एकदम सुरू केल्या. सकाळीं पाहतो तों संगणक गोगलगाईसारखा सरकत आहे आणि दोन नकला यंत्रणेनें परस्पर बंद केल्या आहेत. जेम-फाइव्हमध्येंच स्मृति गळत असावी, असा संशय प्रथम येतो. तो स्वाभाविक आहे; पण निष्कर्ष म्हणून उतावीळ आहे.

येथें दोन संगणक आहेत हें विसरतां कामा नये. एक टेबलावरचा खरा, आणि दुसरा त्याच्या पोटांतील कल्पित. जेम-फाइव्हबरोबर मिळणाऱ्या नमुन्याच्या मांडणींत कल्पित संगणकाला ५१२ मेगाबाइट स्मृति दिलेली असते. एम. सी. एफ. तेवढ्यांत मावत नाहीं. स्मृति अपुरी आहे असें सांगून नक्कल थांबते. त्यावर उपाय म्हणजे कल्पित स्मृति वाढविणें. खरी स्मृति संपणें ही निराळी व्याधि होय, आणि तिच्यावर हेंच औषध चालत नाहीं.

शिवाय मागितलेली जागा आणि व्यापलेली जागा यांतही भेद आहे. जांगमहट्टीच्या धरणांत किती पाणी मावेल ही एक गोष्ट, आज किती सांचलें आहे ही दुसरी. कल्पित संगणकास दोन गिगाबाइट नेमून दिले, तरी त्यांतील ज्या पानांना कार्यक्रमानें खरोखर स्पर्श केला तेवढींच खऱ्या स्मृतींत येतात. म्हणून पाहावयाचा आंकडा व्यापलेल्या जागेचा.

आतां हिशेब सोपा होतो. १७०० चौक ६८००. आठ गिगाबाइट म्हणजे ८१९२ मेगाबाइट. उरलेल्या १३९२ मेगाबाइटांत चारी नकलकारांची स्वतःची टिपणें, संगणकाची व्यवस्था आणि उघडा राहिलेला ब्राउझर! मग डिस्कवर उसनी जागा घ्यावी लागते, आणि तिचा वेग स्मृतीच्या मानानें अगदींच मंद.

तरीही गळतीचा संशय तपासून पाहणें योग्यच. एकच नक्कल चालवून दर दहा मिनिटांनीं व्यापलेली जागा लिहून ठेवावी. ती झपाट्यानें चढून सपाट राहिली, तर ती प्रामाणिक भूक समजावी. तासन् तास हळूहळू चढतच राहिली, तर मात्र कोठेंतरी कांहीं सांचत आहे. अशा वेळीं ‘वालग्रिंड’चें ‘मासिफ’ हें साधन उपयोगी पडतें. पण तें मुळांतच मंद असलेल्या नकलेस आणखी मंद करतें, म्हणून तें लहान कामावर लावावें.

सर्वांत मोठा मोह वेगळाच आहे. परीक्षासंचांत चांचणीपुरती लहान सामग्रीही दिलेली असते. ती घातली कीं स्मृतीची तक्रार मिटते. परंतु लहान सामग्रीचा बराच मोठा भाग कॅशमध्येंच मावूं लागतो, आणि मग कॅश वाढविल्याचा लाभ दिसेल कसा? विद्यार्थी प्रामाणिकपणें आंकडे मांडील आणि ते आंकडे चुकीचें सांगतील. २००२ मध्यें पुढें आलेली ‘सिमपॉइंट’ पद्धति, जी लांब कार्यक्रमाचे प्रातिनिधिक तुकडे निवडते, ती वेळ वांचविते; स्मृतीची भूक मात्र फारशी भागवीत नाहीं, कारण तुकडा लहान असला तरी त्या क्षणीं भरलेली सारी स्मृति चेकपॉइंटांतून परत उभी करावी लागते.

तेव्हां चार नकला एका रात्रीं न चालवितां दोन-दोन करून दोन रात्रीं चालवाव्या, ब्राउझर बंद ठेवावा, आणि दोन नकलांची बेरीज ३४०० मेगाबाइटांच्या किती पुढें जाते तें पहिल्या अर्ध्या तासांत पाहून मगच निजावें. चंदगडच्या पावसांत मध्येंच वीज गेली, तरी चेकपॉइंट डिस्कवर शाबूत असतो. त्या रात्रीचें काम तेवढें पुन्हां करावें लागतें.