पऱ्हाटीने घडविलेली माणसे



वनस्पतींनी मानवी संस्कृती कशी घडविली, हा विषय मोठा आहे. गहू, भात, ऊस यांवर बोलणारी विद्वान मंडळी पुष्कळ सापडतील. आम्ही पडलो कामगारांच्या सभांतून बोलणारे. आमचे वनस्पतिशास्त्र जिनिंगच्या आवारात रुईच्या ढिगाशेजारी बसून वाचले तेवढेच. तेव्हा आपल्या जिल्ह्याच्या पऱ्हाटीपुरतेच बोलावे, असे आम्ही ठरविले आहे.

पऱ्हाटी मुळात वर्षानुवर्षे टिकणारे झुडूप. रानटी कापसाचा तंतू आखूड असे. ज्या झाडाचा तंतू लांब, जे लवकर बोंडे धरते, त्याचीच सरकी माणूस पिढ्यान्‌पिढ्या राखत आला, तेव्हा कुठे त्या झुडपाचे एका हंगामाचे पीक झाले. बलुचिस्तानातील मेहरगढला एका तांब्याच्या मण्यात कापसाचे धागे सापडले. ते सुमारे ७००० वर्षांपूर्वीचे मानतात. माणसाने पऱ्हाटी घडविली, आणि पऱ्हाटीने पिंजारी, कोष्टी, रंगारी घडविले. या सगळ्या व्यवहारात निवडीचा अधिकार मात्र शेतकऱ्याच्या घरात होता. रेच्यावर रुई निघे ती घरी, आणि सरकीही घरीच राही.

हिंगणघाटची ‘बनी’ ही अशाच निवडीतून आलेली देशी जात. तिचा तंतू लांब आणि मऊ. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि साहेबाची नजर वऱ्हाड-वर्ध्याकडे वळली. १८६२ साली वर्धा हा वेगळा जिल्हा झाला. १८६७ साली आगगाडी वर्ध्यावरून नागपूरला पोहोचली. मागोमाग जिन आले, प्रेस आले, गाठी मुंबईला चालल्या.

आता गंमत पहा. कापूस उत्तम मानला जाई तो बनीचा. पण ‘जरी’ नावाच्या आखूड तंतूच्या, काटक जातीत रुईचा उतारा अधिक. बाजार वजनाने चालतो! पोरीच्या लग्नाचे कर्ज फेडणाऱ्या शेतकऱ्याने जरी पेरली, तर त्याला नावे कोण ठेवील? शिवाय जिनमध्ये दहा गावांची सरकी एकत्र होई. बी तिथूनच परत येई. अशी बनी मागे पडली. तिला कोणी बंदी केली नव्हती.

घरचे बी त्यानंतरही पुष्कळ वर्षे चालले. १९७० साली सुरतेहून ‘एच-४’ हा संकरित कापूस आला. संकरिताची सरकी राखून पेरली तर पुढच्या वर्षी पीक एकसारखे येत नाही. म्हणून दरसाल पुडी विकत घेणे आले. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. पहिली काही वर्षे बोंडअळीवरची फवारणी कमी झाली, हे खरे, आणि ते नाकारणाऱ्यांशी आमचे जमत नाही. पण गुलाबी बोंडअळी त्या विषाला सरावली. २०१७ साली तिने विदर्भात बोंडे पोखरली. त्याच हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन कित्येक शेतकरी आणि मजूर दगावले. पाठीवर पंप, डोक्याइतकी उंच पऱ्हाटी, तोंडाला फार तर एखादे फडके. औषध झाडावर पडते तितकेच अंगावर.

वेचणीचा हिशेब आणखी निराळा. आपल्याकडे कापूस अजून हातानेच वेचला जातो, आणि वेचतात त्या बहुतेक बायाच. मजुरी किलोवर. म्हणून बोंड मोठे की लहान, चांगले उमलते की नाही, हा वेचणारणीच्या दिवसभराच्या कमाईचा प्रश्न. लहान बोंडाच्या देशी जाती परत आणा, असे पुष्कळ सज्जन सांगतात. आम्हालाही त्या आवडतात, खर्च थोडा, कोरडवाहूत टिकतात. मग किलोचा दर किती वाढवणार, हे त्यांनी त्याच सभेत सांगावे. एका बाईने आम्हाला हाच प्रश्न शेताच्या धुऱ्यावर विचारला होता, आणि ओटीतला कापूस तोलून घ्यायला ती पुढे निघून गेली.