पालकांची तक्रार : पोषण आहाराची पहिली कसोटी

(भंडारा जिल्ह्यातील सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अंगणवाडी सेविका यांच्यासमोर केलेले भाषण)



आजचा विषय वरवर पाहता लहान वाटण्याचा संभव आहे. गावच्या अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांचे मूल सकाळी जाते. तेथे त्याला नाश्ता व गरम ताजा आहार मिळतो. तीन वर्षांखालील मुलांसाठी आहार घरी नेण्यास दिला जातो. या आहाराविषयी एखादी आई येऊन म्हणते, "बाई, वरणात पाणीच जास्त असते", "पाकिटाला कुबट वास येतो", "लेकरू तोंडात घेत नाही". अशा बोलण्याचे पुढे काय होते, एवढाच माझ्या भाषणाचा विषय आहे. पुष्कळदा सेविकेला तो आपल्यावरील आरोप वाटतो, वरिष्ठांना ती कटकट वाटते, आणि ग्रामपंचायतीला तो आपल्या कक्षेतील प्रश्नच वाटत नाही. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. पालकांची तक्रार ही आहाराच्या दर्जाची सर्वांत आधी होणारी आणि बिनखर्चाची तपासणी होय. ती ऐकून घेण्याची व्यवस्था ज्या गावात नाही, त्या गावात बाकीच्या सर्व तपासण्या कागदावरच राहण्याची भीती असते.

अंगणवाडी हा शब्द आणि ही कल्पना महाराष्ट्राने देशाला दिली, याचा आपणांस अभिमान आहे. कै. ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साहाय्याने १९४५ साली बोर्डी येथे, आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे कार्य केले. मूल शाळेत येत नाही, तर शाळेनेच मुलाच्या अंगणात जावे, हा त्यामागील विचार होता. संस्था अंगणात गेली म्हणजे ती आईच्या नजरेसमोर आली. म्हणून आहाराबद्दल आईने विचारणा करणे ही आगंतुकाची ढवळाढवळ नव्हे; तो या कल्पनेचा मूळ गाभाच आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि हे नाव गावोगाव पोहोचले.

आता हक्काची बाजू पाहू. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने हा आहार दयेचा न ठेवता मुलाच्या हक्काचा केला. त्या कायद्याच्या अनुसूचीत, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला दररोज ५०० उष्मांक व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने देणारा नाश्ता व गरम आहार ठरविण्यात आला. कुपोषित बालकांसाठी हे प्रमाण ८०० उष्मांक व २० ते २५ ग्रॅम प्रथिने असे ठेवण्यात आले. खर्चाचा दर २०१७ साली सर्वसाधारण बालकामागे प्रतिदिनी ८ रुपये असा ठरला. वर्षाचे ३०० दिवस धरले तर एका मुलाचे २,४०० रुपये होतात, आणि ३० मुलांच्या अंगणवाडीचे ७२,००० रुपये. एवढ्या रकमेची नाली गावात बांधली गेली, तर ग्रामसभेत तिच्या सिमेंटची चौकशी होते. मात्र मुलांच्या ताटात पडलेल्या ७२,००० रुपयांची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ती करणारी एकमेव व्यक्ती म्हणजे ते ताट पाहणारी आई होय.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. नोंदवहीत आहार 'वाटप' झाला म्हणजे तो मुलाच्या पोटात गेला, असे होत नाही. पाकीट घरी नेले, मुलाने ते नाकारले, आणि शेवटी ते गाईम्हशींच्या आंबोणात पडले, अशा तक्रारी राज्याच्या अनेक भागांतून वेळोवेळी झाल्या आहेत. अशा वेळी लाभार्थीची संख्या पूर्ण भरते, खर्चही पूर्ण पडतो. उणे राहते ते केवळ मुलाचे वजन. हा फरक वाटपाच्या नोंदवहीत कधीच दिसत नाही. तो आईच्या बोलण्यातच प्रथम दिसतो, आणि तेथे दुर्लक्षिला गेला तर काही महिन्यांनी वजनकाट्यावर दिसतो.

पालकांना अन्नातले काय कळते, असा प्रश्न काही जण करतात. भंडारा जिल्ह्यात तरी हा प्रश्न शोभत नाही. हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा आहे. तांदूळ हातावर घेऊन, चोळून, हुंगून तो जुना की नवा, ओला की सुका हे सांगणारी माणसे येथे घरोघर आहेत. त्यामुळेच पोषणतत्त्वे मिसळलेला तांदूळ आला तेव्हा त्यातील वेगळे दाणे प्रथम मातांच्याच दृष्टीस पडले. काही दाणे पाण्यावर तरंगतात, रंगाने किंचित निराळे दिसतात. म्हणून हा प्लॅस्टिकचा तांदूळ आहे, अशी भीती ठिकठिकाणी पसरली. ही भीती निराधार आहे. ते दाणे तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड व बी-१२ जीवनसत्त्व मिसळून तयार केलेले असतात, आणि साधारणतः १०० किलो तांदळात १ किलो या प्रमाणात मिसळले जातात. ते निवडून टाकले म्हणजे पोषणच फेकून दिल्यासारखे होते. परंतु दोष केवळ मातांचा मानता येणार नाही. शंका येताच कोणी चार दाणे हातावर घेऊन समजावून सांगितले असते, ते शिजवून दाखविले असते, तर अफवेला जागा उरली नसती. शंका चुकीची असली तरी तिला उत्तर देणे हे कर्तव्यच आहे.

आणि काही शंका मुळीच चुकीच्या नसतात. आपल्याकडे धान उभे असतानाच बांधीतील ओलाव्यावर लाखोळी पेरण्याची रीत जुनी आहे. लाखोळीत असणाऱ्या एका विषारी द्रव्यामुळे, ती दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून खाण्यात आल्यास पाय लुळे पडण्याचा विकार होतो. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या केंद्रीय नियमांत तिच्या विक्रीस मनाई करण्यात आली. तुरीच्या वा हरभऱ्याच्या डाळीत तिची भेसळ होऊ शकते. चौकोनी, तिरकस कडेचा तिचा दाणा शहरातल्या तपासनीसाच्या नजरेतून सुटेल. तो या जिल्ह्यातील शेतकरी स्त्रीच्या नजरेतून सुटणार नाही. अशा स्त्रीला डाळीचे पोते उघडून दाखविण्यात संकोच कशाचा?

तक्रार दडपली तर काय घडू शकते, याचे एक भयंकर उदाहरण देशापुढे आहे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन या गावी शाळेतील भोजनातून विषबाधा होऊन २३ बालके दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. तेलाच्या वासाबद्दल स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीने शंका घेतली होती, असे त्या वेळच्या वृत्तांत आले होते. आपल्या गावांतही धानावर औषधे फवारली जातात आणि त्यांचे रिकामे डबे घरात वापरण्याची वाईट सवय पूर्णपणे गेलेली नाही. आपल्याच राज्यात जुलै २०२४ मध्ये सांगली जिल्ह्यातील पलूस येथे, अंगणवाडीतून मिळालेल्या आहाराच्या पाकिटात मेलेला लहान साप आढळल्याची तक्रार झाली होती. अशा वार्ता ऐकून जी आई पाकीट उघडून चार वेळा पाहते, तिला शंकेखोर म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही.

पुरवठा कोणी करावा, याबाबतही न्यायालयाने मार्ग दाखविला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ च्या आदेशात अंगणवाडीच्या आहारपुरवठ्यासाठी ठेकेदार नेमू नयेत, शक्यतो ग्रामसमूह, बचत गट व महिला मंडळे यांच्यामार्फत धान्यखरेदी व स्वयंपाक व्हावा, असे सांगितले. अन्न शिजविणारी आणि खाणाऱ्याची आई एकाच गावातल्या असाव्यात, एकमेकींना विचारू शकाव्यात, असा याचा सरळ अर्थ आहे. मात्र बचत गट गावातला असला म्हणजे आहार आपोआप चांगला होतो, असे नाही. गावाने विचारणा करण्याची सवय ठेवली तरच तो चांगला राहतो.

आता कृतीकडे वळतो. यासाठी नवा निधी लागणार नाही, नवे पदही लागणार नाही.

पहिली गोष्ट चवीची. मुलांना वाढण्यापूर्वी आहार सेविकेने आणि त्या दिवशीच्या एका पालकाने चाखावा, व वहीत दोघींनी सही करावी. शालेय भोजनाबाबत असा चाखण्याचा नियम आहेच. अंगणवाडीनेही तो मनापासून पाळावा. पालकांची पाळी लावली तर एका आईला महिन्यातून एखादाच दिवस यावे लागेल. तिखटाचे प्रमाण, डाळीचा दाटपणा, रोज तोच पदार्थ येत असल्यास मुलांना आलेला वीट, हे सर्व त्या एका घासात कळते.

दुसरी गोष्ट साठवणीची. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेला पूर आपण विसरलेलो नाही. पूर नसला तरी पावसाळ्यात आपल्या घरांच्या भिंतींना ओल येतेच. पोती जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून दूर असावीत. सोंडे, जाळी वा बुरशी दिसताच तो माल वेगळा करून त्याची नोंद करावी. पाखडून, धुऊन तोच वापरण्याचा मोह टाळावा.

तिसरी गोष्ट पुराव्याची. खराब पाकीट रागाने फेकून देऊ नये. त्यावरील तारीख व तुकडी क्रमांक यांसह ते जपून ठेवावे. क्रमांक नसेल तर दोष गोदामातला, वाहतुकीतला की कारखान्यातला, हे ठरत नाही, आणि सर्व रोष अखेर सेविकेवर येतो. पाकीट तिने बनविलेले नसते. तिला दोषी धरणे हा अन्याय आहे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट उत्तराची. तक्रार लेखी घ्यावी व तिची पोच द्यावी. ती पर्यवेक्षिका व बालविकास प्रकल्प अधिकारी यांच्याकडे पाठवावी, आणि काय निष्पन्न झाले ते पुढील ग्रामसभेत वाचून दाखवावे. तेथे न्याय मिळाला नाही, तर अन्न सुरक्षा कायद्याने जिल्हा तक्रार निवारण अधिकारी व राज्य अन्न आयोग यांची तरतूद केलेली आहे. सामाजिक अंकेक्षणही त्याच कायद्यात सांगितलेले आहे. गावची आरोग्य व पोषण समिती असतेच. तिच्या बैठकीत वजनाचा तक्ता आणि तक्रारींची वही शेजारी ठेवून वाचली, तर पुष्कळ गोष्टींचा उलगडा आपोआप होईल.

सेविका भगिनींना एकच सांगतो. ज्या अंगणवाडीच्या वहीत एकही तक्रार नाही, तिला उत्तम समजण्याची पद्धत आपण सोडली पाहिजे. ज्या वहीत तक्रार आहे आणि तिच्या पुढ्यात उत्तरही आहे, ती अंगणवाडी खरी जागी आहे. आणि पदाधिकाऱ्यांना विनंती अशी की, अशी वही ठेवणाऱ्या सेविकेला जाब विचारण्याऐवजी तिचा गौरव करावा. तीन वर्षांच्या मुलाला आपली तक्रार मांडता येत नाही. ते फक्त ताट बाजूला सारते. त्याच्या वतीने बोलणारी आई अंगणवाडीच्या दारात आली म्हणजे तिला आधी बसावयास द्यावे, तिचे म्हणणे लिहून घ्यावे, आणि त्या दिवसाचा आहार तिच्यासमोर चाखावा. एवढे जरी प्रत्येक गावाने केले, तरी ठरलेल्या उष्मांकांपैकी मुलाच्या पोटात किती गेले, हे आपल्याला खात्रीने सांगता येईल.

जय हिंद, जय महाराष्ट्र.