देवीकोट्टैची स्वारी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त एग्मोर येथे दिलेले व्याख्यान)



समुद्रमार्गे झालेली निर्णायक स्वारी म्हटली की नॉर्मंडीचा किनारा डोळ्यांसमोर उभा राहतो. ६ जून १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या फौजा तेथे उतरल्या आणि युरोपचे भवितव्य पालटले. त्या मानाने आज आम्ही जिच्याविषयी बोलणार आहोत ती स्वारी अगदीच लहान. जहाजे सहा, गोरे सैनिक सुमारे ८०० आणि देशी शिपाई सुमारे १,५००. परंतु १७४९ साली कोळ्ळिडम नदीच्या मुखाशी उतरलेल्या या फौजेने तंजावरच्या भोसल्यांच्या राज्याला जे वळण लावले ते शतकभर सुटले नाही. दक्षिणेतील मराठी माणसाला ही हकीकत ठाऊक असावी, असे आम्हांस वाटते.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. सप्टेंबर १७४६ मध्ये फ्रेंच सेनापती ला बूर्दोने याने समुद्रमार्गे येऊन मद्रास जिंकले, तेव्हा कंपनीने आपला कारभार कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात हलविला. १७४८ साली अ‍ॅडमिरल बॉस्कावेन मोठे आरमार घेऊन आला. त्याने पाँडिचेरीला वेढा घातला, पण तो फसला. इतक्यात युरोपात तह झाला आणि मद्रास इंग्रजांना परत मिळावयाचे ठरले. लढाई थांबली, मात्र फौज किनाऱ्यावर बसून होती आणि तिचा खर्च चालूच होता.

अशा वेळी तंजावरचा पदच्युत राजा सयाजी इंग्रजांच्या दारी आला. १७३९ पासून गादीवर त्याचा सावत्र भाऊ प्रतापसिंह होता. सयाजीची मागणी सरळ होती : मला गादीवर बसवा, देवीकोट्टैचा किल्ला व आसपासचा मुलूख तुम्हांला देतो. प्रजा आपल्या बाजूने उठेल, असाही त्याने भरवसा दिला. आता गंमत पाहा. इंग्रजांनी प्रतापसिंहाला अनेक वर्षे राजा म्हणून मानले होते, त्याच्याशी पत्रव्यवहार केला होता, फ्रेंचांविरुद्ध त्याची मदतही मागितली होती. पण किल्ल्याचे नाव निघताच त्यांना सयाजीचा हक्क दिसू लागला!

पहिली मोहीम कॅप्टन कोप याच्या हाताखाली खुष्कीने निघाली. एप्रिलच्या मध्यास भयंकर वादळ झाले. बॉस्कावेनचे निशाणाचे जहाज ‘नामूर’ शेकडो खलाशांसह बुडाले. सयाजीच्या बाजूने एकही माणूस उठला नाही आणि फौज हात हलवीत परतली.

दुसऱ्या खेपेस मेजर लॉरेन्सने समुद्राचा मार्ग धरला. फौज नदीमुखाशी आणून किल्ल्यासमोरच्या तीरावर उतरविली. नदी ओलांडण्याचा प्रश्न एका जहाजावरील सुताराने सोडविला. जॉन मूर त्याचे नाव. त्याने चारशे माणसे मावतील एवढा तराफा बांधला, आणि रात्री पोहत जाऊन पलीकडच्या झाडाला दोर बांधून आला. तटाला खिंडार पडल्यावर हल्ल्याच्या अग्रभागी होता लेफ्टनंट रॉबर्ट क्लाइव्ह. त्याच्यासोबत ३४ गोरे होते. शिपाई मागे राहिले, तंजावरच्या घोडेस्वारांनी पाठीवरून झडप घातली आणि ३४ पैकी २६ जण कापले. क्लाइव्ह थोडक्यात वाचला. तो पडता तर पुढे प्लासीला कोण असते, असा प्रश्न मनात येतो. पण इतिहासात ‘जर-तर’ला स्थान नाही. लॉरेन्स साऱ्या फौजेनिशी चालून आला आणि किल्ला पडला.

यानंतरचा तह मोठा बोलका आहे. देवीकोट्टै आणि वर्षाला ९,००० होन उत्पन्नाचा मुलूख कंपनीला मिळाला. मोहिमेचा खर्चही प्रतापसिंहाने द्यावयाचा होता. आणि सयाजी? त्याला सालीना ४,००० रुपयांची नेमणूक झाली, व त्याने पुन्हा गडबड करू नये म्हणून त्याला ताब्यात ठेवण्याची हमी खुद्द इंग्रजांनी दिली. ज्याच्यासाठी तलवार उपसली तोच त्यांचा बंदी झाला.

कंपनी येथे एक धडा शिकली : दरबारातील भाऊबंदकी हे भांडवल आहे, त्यावर किल्ले मिळतात. हाच डाव मग अर्काटच्या नबाबीत फ्रेंच आणि इंग्रज दोघांनी मांडला. १७७३ साली नबाबासाठी कंपनीच्या फौजेने तंजावर घेतले आणि तुळजाजीराजे कैदेत पडले. १७७६ साली त्यांना पुन्हा गादी मिळाली. तिच्यावरूनच पेटलेल्या वादात मद्रासचा गव्हर्नर लॉर्ड पिगट याला त्याच्याच कौन्सिलने अटक केली. १७९९ च्या तहाने सरफोजीराजांकडे किल्ल्यापुरता अधिकार उरला. १८५५ साली शिवाजीराजे निपुत्रिक वारले आणि राज्य खालसा झाले. पुण्याची कथाही वेगळी नाही. १७७५ साली रघुनाथरावांनी सुरतेस तह करून पेशवाईसाठी साष्टी व वसई इंग्रजांना देऊ केली. माणसे निराळी, सौदा तोच.

तरी सारा दोष सयाजीच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. नागपट्टणम डचांकडे, तरंगंबाडी डेन लोकांकडे. कारैकलही १७३९ साली फ्रेंचांकडे गेले. कावेरीच्या सुपीक खोऱ्याचे हे राज्य भातशेतीवर समृद्ध होते, पण त्याच्या बंदरांवर परक्यांची निशाणे होती. कोकणात शिवछत्रपतींनी व आंग्र्यांनी आरमाराचे जे महत्त्व ओळखले, ते येथे कोणी ओळखले नाही. समुद्राकडचे दार उघडे होते. सयाजीने फक्त पाहुण्यांना हाक मारली.

सरफोजीराजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या मंदिरात आपल्या वंशाचा इतिहास मराठीत दगडावर कोरून घेतला. कंपनीचे जुने दप्तर तर याच एग्मोरात, रेल्वे स्थानकाजवळच्या पुराभिलेखागारात आहे. जेत्यांची बाजू आणि भोसल्यांची बाजू, दोन्ही येथून एका रात्रीच्या प्रवासाच्या आत आहेत. मंडळातील तरुणांपैकी दोघांनी जरी मोडी शिकून हे कागद व तो शिलालेख शेजारी ठेवून वाचले, तरी या सुवर्णमहोत्सवाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.