खळी आणि वण

खळी हा मोठा भाग्यवान शब्द आहे. त्याचा सख्खा भाऊ जो खळगा, तो पायाखाली आला की आपण नगरपालिकेला शिव्या मोजतो. खळी गालावर उमटली की मात्र कौतुकास पारावार राहत नाही. शरीरशास्त्रज्ञ सांगतात की, काहींच्या गालातील हसविणारा स्नायू दुभंगलेला असतो. हसताना त्याचा एक पदर त्वचेला आत ओढून धरतो, तीच खळी.

चेहऱ्यावरील साऱ्याच खळग्यांच्या नशिबी हे कौतुक नव्हते. देवीचे वण आठवावेत. रोगाला थेट देवीचेच नाव द्यावे, इतका त्याचा धाक! सुमारे तिघांतील एक दगावे. जो वाचे, त्याच्या तोंडावर खळगे राहत, क्वचित डोळेही जात. वण असलेल्या मुलीची स्थळे परत फिरत.

यावर उपाय निघाला तोही एक लहानसा खळगाच. जेन्नरने 1796 साली गोस्तनदेवीची लस टोचली. 14 जून 1802 रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती लागू पडली आणि तिच्या दंडावरील फोडातून पुढे पुढे पसरत गेली. थॉमस हिकीने 1805 च्या सुमारास रंगविलेल्या म्हैसूरच्या राजस्त्रियांच्या चित्रात धाकटी राणी पदर सारून दंड दाखविते; इतिहाससंशोधक नायजेल चॅन्सलर यांच्या मते ती लस टोचल्याचीच खूण आहे.

राणीने दाखविली ती खूण पुढे घरोघर पोचली. देवीडॉक्टर गावात आला की आया मुले लपवीत. तरी तो पुन्हा येई. बंगळुरूच्या इंदिरानगरात, जेथे मी राहतो, तेथील बागेत सकाळी फिरणाऱ्या वृद्धांचे दंड पाहावेत. कोणी कानडी, कोणी तमिळ, कोणी आपल्याकडचे. वण मात्र एकाच घडणीचा, गोल आणि तळाशी खडबडीत. आम्हां शासकीय नोकरांचे बहुतेक काम कागदावर उरते. हे दंडावर उरले.

1975 नंतर भारतात देवीची साथ उरली नाही. 1977 साली देश रोगमुक्त जाहीर झाला. माझ्या दंडावर आहे तो क्षयाच्या लसीचा वण. माझी मुलगी आत्याआजीच्या दंडावर बोट फिरवून विचारते, “ही खळी कशाची गं?”

“देवी काढल्या होत्या,” आत्या सांगते. देवी म्हणजे काय, ते मग मला समजावून सांगावे लागते.