वाटोळा चेहरा आणि थरांची कातरणी

केशकर्तनालयांत एखाद्या नटीचें चित्र दाखवून “अगदीं असेच केस कापा” असें सांगण्याची रीत आतां सर्वत्र रूढ झाली आहे. चित्रांतील मुखडा सुंदर असतो, कातरणीही सुंदर असते. परंतु तीच कातरणी घेऊन घरीं आलेली मुलगी आरशासमोर उभी राहते, तेव्हां पुष्कळदां तिची निराशा होते. मग दोष आपल्या वाटोळ्या चेहऱ्याचाच, असा ती ग्रह करून घेते. वास्तविक चेहऱ्यांत दोष नसतो. दुसरीच्या चेहऱ्याकरितां योजलेली कातरणी तिनें उसनी आणलेली असते, इतकेंच.

याचें प्रसिद्ध उदाहरण मुंबईच्याच चित्रसृष्टींत सांपडतें. ‘लव्ह इन सिमला’ हा बोलपट १९६० सालीं पडद्यावर आला. त्यांतील नायिका साधना हिचें कपाळ रुंद. म्हणून दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनीं ऑड्रे हेपबर्न या नटीच्या धर्तीवर तिच्या कपाळावर आंखूड झुलपें आणविलीं. युक्ति अचूक ठरली, कारण जें झांकावयाचें तेंच तिनें झांकलें. पुढें गांवोगांवच्या तरुणींनीं ‘साधना कट’ उचलला. पण वाटोळ्या चेहऱ्यावर भिवयांपर्यंत सरळ रेषेंत झुलपें आणलीं, कीं कपाळ झांकून चेहऱ्याची उंची आणखी घटते आणि गाल होते त्याहून भरलेले दिसूं लागतात. एकीचें औषध दुसरीला अपथ्य होतें, तें असें.

चेहरा वाटोळा आहे कीं नाहीं, हें अंदाजानें ठरवूं नये. सारे केस मागें बांधून मोजण्याची फीत घ्यावी. केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंतची लांबी आणि दोन्ही गालांच्या उंचवट्यांमधील रुंदी जवळजवळ सारखी भरली, व जबड्याला कोन नसून गोलाई असली, तर चेहरा वाटोळा समजावा. जबडा कोनदार असेल तर तो चौकोनी होय. त्याचे नियम निराळे.

केस न उचलतां, खालीं सोडून एका रेषेंत कापले, म्हणजे सारा भार टोकांशीं जमतो. ती रेषा हनुवटीपाशीं संपली तर नेमकी तेथेंच रुंदी वाढते. उलट बट डोक्यापासून काटकोनांत उचलून कापली, म्हणजे वरच्या केसांचीं टोकें खालच्यांच्या वर राहतात, एकावर एक थर पडतात आणि भार वांटला जातो. हा भार कोठून काढावयाचा व कोठें ठेवावयाचा, यांतच लेयर कटचें सारें मर्म आहे.

वाटोळ्या चेहऱ्याला उंची हवी, रुंदी नको. म्हणून टाळूवरचे थर किंचित् हलके ठेवावे, म्हणजे केस तेथें थोडे उचलून राहतात. चेहऱ्यालगतचा पहिला थर हनुवटीच्या दोन बोटें खालीं सुरू व्हावा. गालांच्या पातळीवर थर मुळींच नसावा. एकंदर लांबी खांद्यांखालीं उतरली तर अधिक बरें. भांग मधोमध न पाडतां एका बाजूस पाडावा. झुलपें हवींच असतील तर तीं तिरपीं व लांब असावींत.

केसांची जातही पाहिली पाहिजे. कुरळे केस वाळतांना आंखडतात. ते ओले असतांना नेमक्या मापाला कापले तर थर गालांवर चढून बसतो. दाट व राठ केसांत आंखूड थर फुलून उभे राहतात. विरळ केसांत थर फार झाले तर टोकांशीं शेपटीसारखे कांहीं केस तेवढे उरतात.

कापलेली बट परत जोडतां येत नाहीं. केस महिन्याला सुमारें एक सेंटिमीटर वाढतात. गालाशीं चुकून कापलेली बट हनुवटीखालीं यावयास अर्धें वर्ष तरी लागतें. यास्तव चित्रापेक्षां बोटानें दाखवावें: सर्वांत आंखूड बट येथें संपली पाहिजे. प्रथम थोडेंच कापवावें. उरलेलें पुन्हां कापतां येतें.

महाराष्ट्रांत स्त्रीच्या केसांना शस्त्र लागण्याचा एके काळीं फार निराळा अर्थ होता. विधवेचें केशवपन तिची इच्छा न विचारतां होत असे. १८९० सालीं मुंबईच्या न्हाव्यांनीं सभा भरवून असें वपन न करण्याचा निश्चय केला. ज्या समाजांत स्त्रीच्या केसांचा निर्णय इतरेजन करीत, तेथें आज खुर्चींत बसून ती स्वतः “एवढेंच कापा” असें म्हणते, ही लहान गोष्ट नव्हे. तो निर्णय तिनें चित्रांतल्या नटीच्या हवालीं कां करावा? आणि पूर्णचंद्राची उपमा मिळालेलें मुख जिला तसेंच वाटोळें दिसावयास हवें असेल, तिनें वरील सारे नियम खुशाल बाजूस ठेवावे.